गुणपत्रिका आणि गोपनीय अहवाल

दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस शालान्त परीक्षेचा निकाल लागतो आणि त्यानंतरचे आठ दिवस घराघरांत गुणांखेरीज दुसऱ्या कशाचीही चर्चा होत नाही. पेढे वाटले जातात, शिकवणीवर्गांच्या जाहिरातींत मुलांची छायाचित्रे झळकतात, आणि जेथे टक्के कमी पडले त्या घरात एक प्रकारचे सुतक पाळले जाते. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी हीच मुले चाळिशी ओलांडतात, एखाद्या लग्नकार्यात एकत्र येतात, आणि मग चर्चेचा ओघ उलट दिशेने वाहू लागतो. वर्गात पहिला येणारा कोठल्याशा कचेरीत टिपणे लिहीत बसलेला असतो. आणि गणितात दोनदा गचकलेला त्याचा सोबती त्या टिपणांवर सही करणारा वरिष्ठ झालेला असतो. मंडळी हसतात, आणि पुस्तकी विद्या निराळी व माणसे सांभाळण्याची विद्या निराळी असा निर्वाळा देऊन पंगतीला बसतात. मौज अशी की, हाच निर्वाळा देणारे गृहस्थ दुसऱ्या दिवशी घरी जाऊन आपल्या मुलाला चार गुण कमी का पडले म्हणून फैलावर घेतात.

ही विसंगती आजची नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणे सांगितली, तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. पढतमूर्खासाठी त्यांनी एक स्वतंत्र समास खर्ची घातला. परंतु एखाद्या माणसाची विद्या मोठी की त्याची लोकांशी वागण्याची हातोटी मोठी, या प्रश्नाला नियमांचे, गुणांचे आणि तक्त्यांचे रूप जर कोठे मिळाले असेल तर ते सरकारी नोकरीत. भारतात या प्रयोगाला पावणेदोनशे वर्षे होत आली. तेव्हा या प्रश्नाचा विचार करू पाहणाऱ्याने कचेरीच्या दारातूनच आत शिरावे हे बरे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळी हिंदुस्थानात अधिकारी म्हणून यावयाचे तर कंपनीच्या एखाद्या संचालकाशी ओळख असावी लागे. संचालकाने नाव सुचवावे, मुलाने हेलीबरी येथील कॉलेजात दोन-चार टर्म काढाव्यात आणि बोटीत बसावे, असा सरळ मार्ग होता. हे कॉलेज 1806 मध्ये निघाले आणि 1858 मध्ये बंद झाले. ते बंद होण्यास कारणीभूत झालेली कल्पना मेकॉलेची. 1833 मध्ये पार्लमेंटात बोलताना त्याने स्पर्धापरीक्षेचा पुरस्कार केला. आणि 1854 मध्ये त्याच्याच अध्यक्षतेखालील समितीने तिची रूपरेषा आखून दिली. पहिली खुली परीक्षा 1855 मध्ये झाली. मेकॉलेची विचारसरणी लक्षात घेण्याजोगी आहे. परीक्षेत विचारलेले ज्ञान पुढे उपयोगी पडते असे त्याचे म्हणणे नव्हतेच. विद्यापीठांतून फलज्योतिष शिकवले जात असते तर उत्तम कुंडली मांडणारा तरुणच इतर बाबतींतही सरस निघाला असता, असे त्याने त्या भाषणात प्रतिपादन केले. म्हणजे विषय कोणताही असो. जो मन लावून तो आत्मसात करतो त्याच्या अंगी चिकाटी, एकाग्रता आणि संयम असतातच, आणि हेच गुण पुढे राज्यकारभारात दिसतात, अशी त्याची श्रद्धा होती.

जुन्या मंडळींना हे रुचले नाही. परीक्षा देऊन येणारे हे नवे लोक पुस्तकी किडे आहेत, त्यांना चारचौघांत वावरता येत नाही, फार काय घोड्यावरही बसता येत नाही, अशी कुरकुर सुरू झाली. घोड्याची गोष्ट केवळ थट्टेची नव्हती. अंतिम परीक्षेत घोडेस्वारीची कसोटी होतीच. अरविंद घोष 1890 मध्ये आय. सी. एस.ची प्रवेशपरीक्षा अकराव्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. परंतु घोडेस्वारीच्या परीक्षेला ते वेळेवर हजर राहिलेच नाहीत आणि 1892 मध्ये सेवेतून त्यांचे नाव गळले. त्यांच्या मनात ती नोकरी करावयाची नव्हतीच, हे आज सर्वांना ठाऊक आहे. पुढच्याच वर्षी ते बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. तरीही एवढे खरे की, केवळ लेखी गुणांवर विसंबण्याचे धैर्य खुद्द मेकॉलेच्या वारसांनाही झाले नाही. घोडा गेला, त्याच्या जागी मुलाखत आली, गोपनीय अहवाल आले, आणि अलीकडे मानसशास्त्रातील परिभाषा आली. मूळची शंका मात्र तीच राहिली.

आता दोन माणसे शेजारी शेजारी उभी करून पाहावीत. पहिले चिंतामणराव देशमुख. जन्म 1896 मध्ये रायगडाच्या परिसरातील नाते या गावी. 1912 च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. केंब्रिजला जीझस कॉलेजात निसर्गविज्ञानाचा अभ्यास, त्यातही वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक. आणि 1918 मध्ये आय. सी. एस.च्या परीक्षेत पहिला क्रमांक. मेकॉलेला आपल्या सिद्धान्ताचा पुरावा म्हणून दाखवावयास याहून नामी उदाहरण सापडले नसते. दुसरे व्ही. पी. मेनन. जन्म 1893 मध्ये केरळातील ओट्टपालम येथे. शाळा अर्धवट सुटली, कोलारच्या सोन्याच्या खाणीत आणि आणखी एक-दोन ठिकाणी पोटापुरती कामे केली, आणि 1914 मध्ये हिंदुस्थान सरकारच्या गृहखात्यात ते कारकून म्हणून चिकटले. पदवी नाही, परीक्षा नाही, घराण्याचा आधार नाही.

या दोघांचे पुढे काय झाले? देशमुख 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि 1950 पासून 1956 पर्यंत देशाचे अर्थमंत्री होते. मेनन 1942 मध्ये घटनासुधारणा खात्याचे आयुक्त झाले, आणि 1947 च्या जुलैत सरदार पटेलांनी नव्या संस्थान खात्याचे सचिव म्हणून त्यांची निवड केली. पाचशेहून अधिक संस्थाने भारतात विलीन करून घेण्याच्या कामात पटेलांचा उजवा हात तेच होते. म्हणजे एकाला पहिल्या नंबराने नेले आणि दुसऱ्याला माणसे हाताळण्याच्या कौशल्याने नेले, असे म्हणून विषय संपवता येईल. बहुतेक वक्ते तसेच करतात.

वस्तुस्थिती इतकी सुटसुटीत नाही. देशमुखांची उमेदीची वर्षे मध्य प्रांतात गेली, आणि त्यांत जमाबंदीचे काम मोठे होते. जमाबंदी म्हणजे गावोगाव हिंडणे, शेताच्या बांधावर उभे राहून जमिनीची प्रत ठरवणे, मालगुजार आणि कूळ या दोघांचेही म्हणणे ऐकून घेणे. ज्याला माणसांचा कंटाळा आहे त्याच्याकडून हे काम होत नाही. आणि मेनन यांना अशिक्षित म्हणावे तर त्यांच्याइतका घटनासुधारणांचा बारकाईने अभ्यास केलेला दुसरा माणूस त्या वेळच्या दिल्लीत शोधूनच काढावा लागला असता. जवळजवळ तीस वर्षे त्यांनी त्या खात्याच्या फायली वाचल्या होत्या. तेच त्यांचे विद्यापीठ. 1947 च्या मे महिन्यात सिमल्यास माउंटबॅटन यांची पहिली योजना नेहरूंनी नाकारली, तेव्हा सत्तांतराचा नवा मसुदा मेनन यांनी अवघ्या काही तासांत लिहून दिला. गोड बोलणारा माणूस सभा जिंकील, परंतु सायंकाळपर्यंत राज्यघटनेचा मसुदा लिहून देऊ शकणार नाही. त्यासाठी विषय पाठ असावा लागतो.

मेनन यांच्या व्यवहारचातुर्याची एक हकिकत त्यांनी स्वतःच आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवली आहे. जोधपूरचे तरुण महाराज हनवंतसिंह यांनी विलीनीकरणाच्या करारावर सही केली आणि खोलीत दुसरे कोणी नाही असे पाहून पिस्तूल मेनन यांच्यावर रोखले. मेनन डगमगले नाहीत. आपल्याला मारून करार रद्द होणार नाही, हे त्यांनी महाराजांना शांतपणे समजावून दिले. हे गोडबोलेपणाचे उदाहरण नव्हे. समोरचा मनुष्य कोणत्या मनःस्थितीत आहे हे ओळखणे आणि तरीही मुद्द्यापासून न ढळणे, या दोन गोष्टी येथे एकत्र आल्या आहेत.

मात्र दोघांच्याही चरित्रांचा उत्तरार्ध विसरता येत नाही. मेनन पटेलांच्या विश्वासावर वर चढले. 1950 च्या डिसेंबरात पटेल गेले, आणि काही काळातच मेनन यांचाही दिल्लीतील काळ संपला. दिल्लीतील आय. सी. एस. वर्तुळाने त्यांना आपल्यातले कधी मानलेच नव्हते. देशमुखांनी 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा दिला. जमवून घेणे हाच जर वर जाण्याचा मंत्र असेल, तर त्या दिवशी त्यांनी तो मुद्दाम विसरावयाचे ठरवले. महाराष्ट्रात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते ते रिझर्व्ह बँकेपेक्षा या राजीनाम्यामुळे अधिक, हे नाकारता येणार नाही.

यावरून एक भेद करणे प्राप्त होते, आणि तो सहसा केला जात नाही. 'माणसे सांभाळणे' या एकाच शब्दप्रयोगाखाली दोन अगदी निराळ्या विद्या दडलेल्या असतात. एक विद्या वरच्या माणसाला सांभाळण्याची. साहेबांना कोणत्या वेळी फाईल दाखवावी, बैठकीत कोणता आकडा उच्चारू नये, दौऱ्यावर आलेल्या वरिष्ठाला कोणता रस्ता दाखवू नये, याचे ज्ञान तिच्यात मोडते. दुसरी विद्या खालच्या आणि बाहेरच्या माणसांशी वागण्याची. अव्वल कारकुनाचा राग कशावर आहे, तलाठी फेरफार का अडकवून ठेवतो, मोर्चा घेऊन आलेल्या बायांना नेमके काय हवे आहे, हे समजून घेऊन काम मार्गी लावणे ही ती विद्या. पहिली ज्याला येते त्याला दुसरी येतेच असे नाही. कित्येकदा एकीचा अतिरेक दुसरीच्या मुळावर येतो. आणि बढतीचा विचार होतो तेव्हा नेमकी पहिलीच ठळकपणे दिसते, कारण अहवाल वरचा माणूस लिहितो.

गोपनीय अहवालाची ही रचना पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. प्रतिवेदन अधिकाऱ्याने शेरा लिहावा, पुनर्विलोकन अधिकाऱ्याने त्यावर मान डोलवावी, आणि ज्याच्याविषयी तो लिहिला त्याला प्रतिकूल शेऱ्याखेरीज काहीही कळू नये, असा परिपाठ होता. त्यातून एक चमत्कारिक प्रकार उद्भवला. काही पदांसाठी 'अत्युत्तम' शेऱ्याची किमान अट असे. मग ज्याला 'चांगला' असा शेरा मिळे त्याची बढती हुके. आणि शेरा प्रतिकूल नसल्यामुळे त्याला तो कळवलाही जात नसे. चांगले म्हटल्याने नुकसान व्हावे ही किमया सरकारी भाषेलाच साधते! सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये देव दत्त खटल्यात, सीमा रस्ते सेवेतील एका अभियंत्याच्या बाबतीत, प्रत्येक शेरा संबंधिताला कळवलाच पाहिजे असा निर्णय दिला. अखिल भारतीय सेवांच्या बाबतीत त्याच्या आदल्या वर्षीच गोपनीय अहवालाच्या जागी कार्यमूल्यमापनाचे नियम आले होते. केंद्रीय सेवांच्या आजच्या नमुन्यात एक ते दहा असे अंक देतात, आणि प्रत्यक्ष कामाला 40 टक्के, व्यक्तिगुणांना 30 टक्के व कार्यक्षमतेला 30 टक्के असे वजन धरतात.

अंक आले म्हणून न्याय आला असे मात्र समजू नये. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक याने 1920 मध्येच दाखवून दिले होते की, सैन्यातील वरिष्ठ आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्याला देहयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांसाठी वेगवेगळे गुण देताना वस्तुतः एकच गुण चार वेळा देत असतात. माणूस एकंदरीत बरा वाटला की तो प्रत्येक रकान्यात बरा ठरतो. नावडला की प्रत्येक रकान्यात घसरतो. हा दोष दुष्टाव्याचा नाही, नजरेचा आहे. त्यामुळे तो दूर करणे अधिकच कठीण.

येथे लेखी परीक्षेच्या बाजूने बोलणे भाग आहे, कारण अलीकडे तिला नावे ठेवण्याची फॅशन झाली आहे. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला विद्यार्थ्याचे नाव ठाऊक नसते, जात ठाऊक नसते, अंगातला सदरा इस्त्रीचा आहे की नाही हे दिसत नाही, आणि त्याच्या बोलण्यातला 'न' की 'ण' हेही ऐकू येत नाही. मुलाखतीच्या खोलीत हे सारे पाच मिनिटांत उघड होते. ज्याच्या घरी चार पिढ्या खुर्चीवर बसलेल्या आहेत तो खुर्चीवर बसतोही निराळा. आणि त्यालाच मंडळ आत्मविश्वास म्हणते. म्हणून न्यायालयांना या प्रश्नात वारंवार पडावे लागले. 1981 मध्ये अजय हासिया खटल्यात, श्रीनगरच्या एका अभियांत्रिकी कॉलेजाने प्रवेशासाठी एकतृतीयांश गुण मुलाखतीला ठेवले होते ते न्यायालयाने मनमानी ठरवले. 1985 च्या अशोक कुमार यादव खटल्यात हरियाणाच्या नोकरभरतीतील मुलाखतीचे प्रमाण अवाजवी ठरले, आणि संघ लोकसेवा आयोगाचे तेव्हाचे 12.2 टक्के हे प्रमाण आदर्श म्हणून पुढे ठेवण्यात आले. आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत 2013 पासून एकूण 2025 गुणांपैकी 275 व्यक्तिमत्त्व चाचणीला आहेत. कनिष्ठ पदांच्या मुलाखती तर केंद्र सरकारने 2016 च्या आरंभापासून बंदच केल्या.

लोकांशी जुळवून घेण्याची जबाबदारी सर्वस्वी उमेदवारावरच टाकणे किती अन्यायाचे होऊ शकते, याचे सर्वात जळजळीत उदाहरण बडोद्याचे आहे. 1917 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील आणि लंडनमधील अभ्यास करून संस्थानच्या सेवेत रुजू झाले. त्या वेळी संपूर्ण कचेरीत त्यांच्याइतका शिकलेला दुसरा मनुष्य मिळाला नसता. पण शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबूनच टाकीत, गावात राहावयास जागा मिळेना, आणि एका पारशी विश्रामगृहात आश्रय घेतला तर लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. सहकाऱ्यांशी मिळूनमिसळून वागण्याच्या रकान्यात त्यांना त्या वर्षी किती गुण पडले असते? उणीव येथे कोणाच्या स्वभावात होती, हे सांगण्याची गरज नाही. त्यांच्या पदव्यांना निदान समुद्रापलीकडे प्रामाणिकपणे मोजणारे कोणी होते.

तथापि लेखी परीक्षेचे एवढे ऋण मान्य केल्यावरही, नोकरीत शिरल्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे गुणपत्रिकेवर निघत नाहीत. भूसंपादनाचे एक साधे प्रकरण घ्यावे. समजा, एका हुशार प्रांताधिकाऱ्याने धरणाच्या कालव्यासाठी लागणाऱ्या जमिनीचा मोबदला कायद्यानुसार बिनचूक काढला. कोष्टकात चूक नाही, टिपणात उणा-अधिक शब्द नाही. हरकतींच्या सुनावणीला चाळीस शेतकरी आले. त्याने प्रत्येकाला तीन मिनिटे दिली आणि नियमाचे कलम वाचून दाखवले. शेतकरी निमूटपणे उठून गेले आणि सरळ कोर्टात गेले. काम कित्येक वर्षे लांबले. त्याच्या जागी दुसरा कोणी चावडीवर दिवसभर बसला असता तर त्याला कळले असते की, तक्रार दराची नव्हतीच. मोजणीत एका विहिरीची नोंद सुटली होती, दोन भावांची वाटणी सात-बाऱ्यावर चढलेली नव्हती, आणि पाणंद रस्ता कालव्याने तुटणार होता. या तिन्ही गोष्टी फायलीत नव्हत्या. त्या कळण्यासाठी कोणीतरी बोलावे लागते, आणि समोरचा ऐकतो आहे असे वाटल्याखेरीज गावातला मनुष्य बोलत नाही. उलटपक्षी, नुसता ऐकून घेणारा, सर्वांना 'पाहतो, करतो' म्हणणारा आणि कायदा न वाचलेला अधिकारी त्याच गावाला अधिक खोल खड्ड्यात घालील, हेही तितकेच खरे.

अर्थशास्त्रज्ञांचा अलीकडचा अनुभव असाच दिसतो. डेव्हिड डेमिंग याने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अमेरिकेत 1980 पासून 2012 पर्यंत लोकांशी पुष्कळ संबंध येणाऱ्या कामांचा एकूण रोजगारातील हिस्सा सुमारे बारा टक्क्यांनी वाढल्याचे दाखवले. आणि ज्यांच्या अंगी गणिती बुद्धी व लोकव्यवहार दोन्ही आहेत त्यांना सर्वांत अधिक लाभ झाला, असेही त्यात आढळले. अमेरिकेचे अनुमान येथे जसेच्या तसे लावू नये. आपल्याकडे लोकव्यवहाराची पहिली पायरी त्याहूनही मूलभूत आहे: भाषा.

मसुरीची प्रशासन अकादमी 1959 मध्ये स्थापन झाली. तेथे येणाऱ्या परिविक्षाधीन अधिकाऱ्याला ज्या राज्यात नेमणूक मिळते त्या राज्याची भाषा शिकून तिची परीक्षा द्यावी लागते. सांगली किंवा अमरावतीकडचा मुलगा तामिळनाडूत जातो, आसामात जातो; आणि पदवीपरीक्षेत कितीही चमकलेला असला तरी तेथे पुन्हा मुळाक्षरे गिरवतो. ही परीक्षा पास होण्यापुरती भाषा सहा-आठ महिन्यांत येते. त्यापुढची भाषा मात्र कोणताही नियम शिकवीत नाही. काही अधिकारी निवृत्तीपर्यंत दुभाष्याकरवी सुनावणी घेतात आणि त्यांच्या बढतीत काडीचाही फरक पडत नाही. काही जण पाच वर्षांत बाजारात भाव करण्याइतके ती बोलू लागतात, म्हाताऱ्या बायांची गाऱ्हाणी मधल्या माणसाशिवाय ऐकतात, आणि त्यांच्या अहवालात या गोष्टीसाठी स्वतंत्र रकाना नसतो. मूल्यमापनाच्या नमुन्यावर जागा आहे ती वरच्या अधिकाऱ्यांच्या सह्यांना. 2015 च्या सुमारास केंद्राने वरिष्ठ पदांसाठी सहकारी, हाताखालचे आणि बाहेरचे लोक यांची मते गुप्तपणे अजमावण्यास आरंभ केला. परंतु 2017 मध्ये एका संसदीय समितीने, कोणाला विचारले आणि त्याने काय सांगितले हे कळत नाही, म्हणून त्या पद्धतीवर आक्षेप घेतला. चावडीवर गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्या बाईला मात्र अजून कोणी विचारलेले नाही.